नागझिऱ्याच्या वाटेवर किती दाते हवेत?

#थ्रेड

१/ रोड सायकल घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात आकड्यांच्या दोन जोड्या ऐकवल्या जातात. पुढे ५०-३४, मागे ११-३४. पहिली जोडी पायडलपाशी असलेल्या दोन चकत्यांच्या दात्यांची, म्हणजे चेनरिंगची. दुसरी मागच्या चाकावरील कॅसेटच्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चकतीची. हे आकडे कोणी, कुठे आणि कशासाठी ठरवले, हे सहसा कोणी सांगत नाही. हा धागा त्याविषयी आहे, आणि त्यात माझे एक ठाम मतही आहे.

२/ ते मत आधीच मांडतो. गिअर हा मुळात भूगोलाचा प्रश्न आहे. आपण तो प्रतिष्ठेचा करून ठेवला. मराठीत सायकलीविषयी जे सल्ले फिरतात ते बहुतांशी सह्याद्रीतले, बोरघाट डोळ्यांसमोर ठेवून दिलेले. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा किताब असतो. सपाटीच्या राजाला किताब नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या सायकलस्वाराने हा सल्ला जसाच्या तसा का स्वीकारावा?

३/ थोडे मागे जाऊ. १८७०-८० च्या दशकांतील उंच चाकाच्या सायकलीला साखळी नव्हती; पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाक मोठे हवे, आणि चाक किती मोठे घ्यायचे हे पायांची लांबी ठरवी. ‘माझी सायकल ५४ इंची’ या वाक्यात स्वाराची उंचीही सांगितली जात असे.

४/ १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली. मागच्या चाकाला साखळीने गती देणाऱ्या या सायकलीने चाकाचा आकार आणि वेग यांची फारकत केली. मोजण्याची सवय मात्र सुटली नाही. चाकाचा व्यास गुणिले पुढचे दाते भागिले मागचे दाते, हे उत्तर आजही इंचांतच सांगतात. जे चाक रस्त्यावरून केव्हाच नाहीसे झाले, ते या हिशेबात अजून फिरते आहे.

५/ आता प्रतिष्ठेचा जन्म पाहू. फ्रान्समधील सेंत-एतिएनचे पॉल द व्हिव्ही ‘व्हेलोसिओ’ या नावाने लिहीत. १८८७ मध्ये त्यांनी सायकलीला वाहिलेले नियतकालिक सुरू केले आणि पुढे आयुष्यभर एकच आग्रह धरला: चढावर गिअर बदलता आला पाहिजे. त्यांच्या विरुद्ध बाजूला होते ‘टूर द फ्रान्स’चे जनक आंरी देग्रांज. बदलते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहेत, असे त्यांचे मत. खऱ्या मर्दाने स्नायूंच्या बळावर जिंकावे, यंत्राच्या चलाखीवर नव्हे!

६/ हे मत केवळ कागदावर राहिले नाही. टूर १९०३ मध्ये सुरू झाली, पण मुख्य स्पर्धकांना डिरेलर वापरण्याची मुभा मिळाली १९३७ मध्ये. तोवर आल्प्सच्या पायथ्याशी स्वार खाली उतरत, मागचे चाक काढत आणि उलटे बसवत, कारण दुसऱ्या बाजूला वेगळ्या दात्यांची चकती असे. १९३७ ची टूर रोजे लापेबी यांनी डिरेलर लावून जिंकली. नियम गेला, पण त्यामागची लाज उरली. ‘लहान चेनरिंग म्हणजे कच्चा गडी’ हे वाक्य आज एखादा विशीतला मुलगा उच्चारतो, तेव्हा तो नकळत देग्रांजच बोलत असतो.

७/ आपल्याकडे याच काळात वेगळे काही घडत होते. आधी इंग्लंडहून येणाऱ्या, मग मुंबईची हिंद, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची ॲटलस, लुधियानाची हिरो यांनी बनवलेल्या काळ्या उभ्या सायकली गावोगाव पोचल्या. २८ इंची चाक, एकच गिअर, बहुधा पुढच्या चेनव्हीलला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी १९ किलोमीटरच्या आसपास.

८/ या सायकलीवर झाडीपट्टीत धानाची पोती गेली, मोहफुले गेली, सरपण गेले, डबलसीट सगेसोयरे गेले. चढ आला की माणूस उतरून ढकलत असे. तोच तिचा दुसरा गिअर, आणि त्याची लाज कोणाला वाटल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

९/ हा प्रदेश कसा आहे? नागझिऱ्याचे डोंगर आहेत, पण रस्ते त्यांना वळसा घालून जातात. (अभयारण्याच्या आत सायकल नेण्याविषयी हे नाही, मी बोलतो आहे ते साकोली, कोहमारा, गोरेगाव, तिरोडा या भोवतालच्या रस्त्यांविषयी.) गोंदिया समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर. जमीन वैनगंगेकडे इतकी हळुवार उतरते की तो उतार डोळ्यांना दिसत नाही. तो कळतो तलावांवरून. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव म्हणजे या उताराचे शेकडो वर्षांपूर्वी केलेले मोजमापच. लांब पाळ घालून पाणी अडवायचे आणि ते आपसूक बांध्यांत उतरवायचे, हे अशाच भूमीत साधते.

१०/ अशा भूमीत ५०-३४ आणि ११-३४ काय करतात? रोड सायकलचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.१ मीटर जाते. पुढे ५०, मागे ११ असताना पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला साडेनऊ मीटर. मिनिटाला ८५ फेरे धरले तर ताशी जवळजवळ ४९ किलोमीटर! लांब उतार नसलेल्या मुलखात ही चकती नवीकोरीच राहते. दुसऱ्या टोकाची ३४ ची चकतीही तशीच शोभेची.

११/ मधली चकती मात्र नेमकी हवी तेव्हा सापडत नाही. ११ गिअरच्या ११-३४ कॅसेटमध्ये २१, १९, १७ असे दोन-दोन दात्यांचे टप्पे असतात. पुढे ५० असताना त्याच ८५ फेऱ्यांना वेग येतात २५.५, २८ आणि ३१.५. वैशाखात समोरून झळांचा वारा असताना २८ ला पाय रिकामे फिरतात आणि ३१.५ ला गुडघे कुरकुरतात. घाटात हे टप्पे खुपत नाहीत, कारण तिथे चढच सतत बदलत असतो. सपाटीवर तासन्‌तास एकच लय धरायची असते. तिथे १८ दात्यांची ती गैरहजर चकती फार आठवते.

१२/ म्हणून माझे म्हणणे: या पट्ट्यात ५०-३४ सोबत १२-२५ कॅसेट घ्यावी. तिच्यात १२ ते १९ पर्यंत प्रत्येक दाता हजर असतो. क्रँकच नवा घ्यायचा असेल तर ४६-३० अधिक शहाणपणाचा. ४६-१२ ला त्याच फेऱ्यांत ताशी ४१ किलोमीटर मिळतात, आणि आपला २५-२६ चा नेहमीचा वेग १९ दात्यांवर, म्हणजे साखळी फारशी तिरकी न होता सापडतो. मात्र असे काही क्रँक ग्रॅव्हल सायकलींच्या मालिकेतले असतात आणि त्यांची साखळीरेषा अडीच मिलिमीटर बाहेर असते. त्यांना पुढचा डिरेलरही त्याच मालिकेतला लागतो. ही गोष्ट पैसे देण्याआधी विचारावी.

१३/ ‘आणि चिखलदऱ्याला गेलो तर?’ रास्त प्रश्न. परतवाड्याहून सुमारे ११०० मीटर उंचीपर्यंत चढायचे तर १२-२५ घेऊन जाणे हा देग्रांजपणा ठरेल. त्यासाठी ११-३२ ची दुसरी कॅसेट घरी ठेवावी. कॅसेट बदलायला दोन साधी अवजारे आणि पंधरा मिनिटे पुरतात. फक्त साखळीची लांबी मोठ्या कॅसेटवर बसवून ठरवावी आणि मागचा डिरेलर ३२ दाते पेलणारा आहे, याची खात्री करावी. वर्षातून दोनदा घाट चढणाऱ्याने उरलेले सगळे दिवस घाटाची कॅसेट का वागवावी?

१४/ आता पुन्हा त्या काळ्या सायकलीकडे. तिचे ५.४ मीटर आजच्या रोड सायकलवर शोधले तर कुठे सापडतात? पुढे ५० असताना मागच्या २१ आणि १९ च्या मध्ये, १९ च्या अधिक जवळ. बावीस गिअरची सायकल घेऊन या रस्त्यांवर आपण ज्या दोन-तीन चकत्यांवर दिवस काढतो, तिथेच ती एकगिअरी सायकल आधीपासून उभी होती. तिची निवड झाडीपट्टी पाहून झाली नव्हती, हे खरे. ती इंग्लंडच्या रस्त्यांवरून आली. पण ती शर्यत जिंकण्यासाठी नव्हे, कामावर जाण्यासाठी ठरली होती, म्हणून इथे रुजली.

१५/ गोंदिया, भंडारा, गडचिरोलीतील वाचकांना एक विनंती. घरात, गोठ्यात आजोबांची सायकल पडून असेल तर चेनव्हीलचे आणि फ्रीव्हीलचे दाते मोजा. सायकल कोणत्या कंपनीची, साधारण कोणत्या वर्षाची, आणि तिच्यावरून काय वाहिले जाई, तेही खाली लिहा. खडूने खूण करून मोजायला सुरुवात करा, म्हणजे चूक होत नाही.