विश्लेषण : मानवी हक्क आयोगाचा गाडा कोण हाकते? माणमधून गेलेल्या तक्रारीचे पुढे काय होते?

कोठडीत मारहाण झाली, सरकारी रुग्णालयात हयगय झाली की ‘मानवी हक्क आयोगाकडे जाऊ’ असे हमखास म्हटले जाते. बातमीत नाव येते आयोगाच्या अध्यक्षांचे. पण दहिवडी किंवा म्हसवडच्या टपाल कार्यालयातून निघालेला अर्ज सुनावणीपर्यंत वेळेत पोहोचतो का, हे बऱ्याच अंशी आयोगाच्या सचिवांच्या कार्यालयावर अवलंबून असते.

सचिव इतके महत्त्वाचे का?

राज्याचा आयोग मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ नुसार मार्च २००१ मध्ये स्थापन झाला. कार्यालय मुंबईत. एक अध्यक्ष आणि दोन सदस्य अशी रचना. २०१९ च्या दुरुस्तीने त्यांची मुदत पाचवरून तीन वर्षांवर आली. त्याच दुरुस्तीत फारशी चर्चा न झालेला आणखी एक बदल होता. सचिव हे आयोगाचे मुख्य कार्यकारी अधिकारी आहेतच; आता अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली सगळे प्रशासकीय आणि आर्थिक अधिकारही त्यांच्याकडे आले. न्यायनिवाड्याचे काम मात्र अध्यक्ष आणि सदस्यांचेच.

म्हणजे अर्जाची नोंद, छाननी, पोलीस अधीक्षक किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडून अहवाल मागवणे, नोटिसा, तारखा, आणि अहवाल आला नाही तर स्मरणपत्रे, हा सगळा रोजचा व्याप सचिवांच्या देखरेखीखाली चालतो. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर यंत्राचा बराचसा भार या एकाच बेअरिंगवर आहे.

मग अडते कुठे?

तक्रार बहुतेक वेळा सरकारी यंत्रणेविरुद्ध असते आणि आयोगाला सचिव व तपासाचे पोलीस देते तेही सरकारच. कायद्यानुसार तपास पथकाचा प्रमुख विशेष पोलीस महानिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसावा. हे पथक नसेल किंवा अपुरे असेल तर ज्या पोलीस दलाविरुद्ध तक्रार, त्याच दलाच्या अहवालावर विसंबावे लागते.

त्यात धोका काय, हे शेजारच्या सांगलीने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शहर पोलिसांच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. पोलिसांनी आधी तो पळून गेल्याचे सांगितले. नंतर मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचे उघड झाले. कोठडीतील मृत्यूची माहिती २४ तासांत कळवा, अशी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची १९९३ पासूनची सूचना आहे. पण मृत्यूच लपवला तर कळवणार कोण?

दुसरी अडचण रिक्त पदांची. २०१८ च्या सुरुवातीला अध्यक्ष निवृत्त झाल्यानंतर २०२१ पर्यंत राज्य आयोगाला पूर्णवेळ अध्यक्षच नव्हता. रिक्त पदांचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयात गेला. अशा काळात अर्ज येत राहतात, पण निकाल देणारे हात कमी पडतात.

आयोगाच्या आदेशाला वजन किती?

साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे याबाबत आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. शेवटी मात्र तो ‘शिफारस’ करतो : नुकसानभरपाई द्या, कारवाई करा. त्यावर सरकारने साधारण महिनाभरात उत्तर द्यायचे असते. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये अशा शिफारशी सरकारवर बंधनकारक असल्याचे म्हटले, पण तो निकाल महाराष्ट्राला आपोआप लागू होत नाही. शिफारस धूळ खात पडली तर उच्च न्यायालय गाठावे लागते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाल्याने सातारा-सांगलीकरांना त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही. आयोगाचा पत्ता मात्र मुंबईचाच आहे.

तक्रार करताना काय पाहावे?

घटनेला एक वर्ष उलटले की आयोग चौकशी करू शकत नाही. दुष्काळी भागातून ऊसतोडीला गेलेले कुटुंब सहा-सहा महिने गावाबाहेर असते, त्यांचे अर्धे वर्ष असेच निघून जाते. प्रकरण दुसऱ्या आयोगापुढे प्रलंबित असेल तरीही दार बंद. वकील किंवा शुल्क लागत नाही, मराठीत साध्या कागदावर लिहिले तरी चालते. घटनेची तारीख, ठिकाण, संबंधित कार्यालय स्पष्ट लिहावे, वैद्यकीय कागदांच्या प्रती जोडाव्यात आणि टपालाची पावती जपून ठेवावी.