मशीन दिलं, बसायचं कशावर?

दिवाळीत चंद्रपूरला घरी गेलो होतो. आई नेहमीप्रमाणे पायमशीनवर ब्लाऊज शिवत होती आणि नेहमीप्रमाणे मधूनमधून मान चोळत होती. इतकी वर्षं मी हे 'वय झालं' या खात्यात टाकत आलोय. या वेळी तिचाच टेप उचलला.

"काय मोजून रायला रे?"

टेबल ३० इंच. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या आईचं कोपर जमिनीपासून २४ इंचांवर. वय कसलं डोंबलाचं, सहा इंचांचा बग आहे हा! हात टेबलावर पोचवायला ती दिवसभर खांदे उचलून बसते, आणि सुई दिसावी म्हणून वर मान पुढे काढते.

शिवणासाठी टेबल कोपराच्या जरासं वर हवं, दोनेक इंच. पण पायमशीनचा स्टँड बिडाचा, तो कापता येत नाही. मग बैठक वाढवा! पायडल मुळातच जमिनीपासून उचललेलं असतं, त्यामुळे चार इंच वर बसलं तरी पाय लोंबकळत नाहीत. मोटरवालं मशीन जेवणाच्या टेबलावर ठेवलं तर गणित आणखी बिघडतं, कारण ते पायमशीनसारखं टेबलात बुडत नाही, सुई आणखी तीनेक इंच वर जाते. तिथे खुर्ची उंच करायची आणि पायाखाली पाट घ्यायचा. झालं. यात रॉकेट सायन्स कुठाय?

आता मला सांगा, हे शिलाईच्या वर्गात का शिकवत नाहीत? गळ्याचे प्रकार शिकवतात. २०२३ पासून विश्वकर्मा योजनेत शिंप्यांनाही अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. चांगलंच आहे. पण बसायचं कशावर हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात येत नाही. तुम्हाआम्हाला मात्र कंपनी उंची बदलणारी खुर्ची देते, तरी आपण कुरकुरतो. (मीही.)

"सवय होते हो बायकांना," असं एक काका म्हणाले. सवय! गडचिरोलीतली बाई मे महिन्यात तेंदूपानांचे पुडके बांधते, पावसाळ्यात वाकून रोवणी करते आणि उरलेल्या वेळात मशीनवर बसते. तिच्या पाठीला विचारा सवयीबद्दल.

आणि लाकूड नाही म्हणू नका. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आपल्या बल्लारपूरहून सागवान गेलं. एका स्टुलाला असं किती लागतं?

असो. सुताराकडून २१ इंचांचं स्टूल करून घेतलं. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "उंटावर बसल्यावानी वाटते." तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू स्वतःचा टेप घेऊन आल्या.