गोळी मिळते, संडास मिळत नाही



वस्तीत आरोग्य शिबिर लावलं की पोटाची तक्रार घेऊन बऱ्याच बायका येतात. पोटात कळ येते, शौचाला जाऊन आलं की जरा बरं वाटतं. कधी जुलाब, कधी तीन-तीन दिवस पोट साफ नाही. तपासण्या सगळ्या नॉर्मल. डॉक्टर सांगतात, आयबीएस आहे, टेन्शन घेऊ नका. घरी त्याचा अर्थ एवढाच निघतो, की हिला काही झालेलंच नाही.

झालेलं असतं. आतड्याला जखम नसते, पण आतडं आणि मेंदू यांचा ताळमेळ बिघडतो आणि साध्या जेवणानंतरही आतडं आवळतं. हा कॅन्सर नाही, यातून कॅन्सर होतही नाही. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणं, करणी म्हणून भगताकडे जाणं, यात फक्त पैसे जातात. बाबासाहेबांच्या माणसांनी तरी तिथे जाऊ नये. दुकानातून मनाने जुलाबाच्या अँटिबायोटिक गोळ्या घेणंही थांबवा.

पण शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, अंगात रक्त कमी, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असेल तर आयबीएस समजून बसू नका. सरकारी दवाखाना गाठा.

आहाराच्या तक्त्यात ओट्स आणि किवी असतात. आपण भाकरीचं बोलू. चपाती, कांदा, लसूण, चवळी, राजमा, दूध यांनी बऱ्याच जणींचं पोट फुगतं. चार-सहा आठवडे हे कमी करून भाकरी, भात, मुगाचं वरण खाऊन बघा. मग एकेक पदार्थ परत आणा. बाधेल तेवढाच सोडायचा. उपाशीपोटी चहा नको. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल, भरपूर पाण्यासोबत. कळ थांबवायच्या गोळ्या डॉक्टर देतात. ताणासाठी विहारात बसून आनापान केलं तर चांगलंच.

आता डॉक्टर न विचारणारी गोष्ट. पाणी प्या, कळ आली की लगेच जा, हे सांगणं सोपं आहे. जायचं कुठे? रांग, तुटलेली कडी, रात्री कुलूप. म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, कळ दाबून ठेवतात, आणि दुखणं वाढतं. घरकाम करणाऱ्या भगिनीला तर ती रोज घासते तो संडास अनेक घरांत वापरू देत नाहीत. ही जात आहे. तिला टेन्शन घेऊ नका म्हणून काय होणार?

स्वच्छ भारत अभियानाच्या निकषाप्रमाणे सामूहिक शौचालयात 25 बायकांमागे आणि 35 पुरुषांमागे एक सीट हवी. येत्या रविवारी वंदनेनंतर आपल्या वस्तीतल्या सीटा मोजा; चालू किती, बंद किती, कडी, दिवा, पाणी, रात्रीची वेळ, सगळं लिहा. महिला मंडळाच्या सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या आणि पोच घ्या. तोवर विहार समित्यांनी विहारातल्या संडासाची किल्ली एका भगिनीकडे ठेवावी, असं आमचं म्हणणं आहे.