पाळण्याची दोरी कोणाच्या हाती?

अकोटच्या उत्तरेस नरनाळ्याचा डोंगर आणि त्यापलीकडे मेळघाट. व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली अनेक कोरकू कुटुंबे अकोट तालुक्यात वसवण्यात आली. २०१९च्या जानेवारीत त्यांतील काही कुटुंबे सोयी नाहीत म्हणून पुन्हा जंगलात परतली आणि वनकर्मचाऱ्यांशी संघर्ष झाला. त्या वेळी चर्चा जमिनीची आणि मोबदल्याची झाली. पण गाव उठते तेव्हा बाळंतिणीभोवतीचे आजी-मावशीचे कडेही विस्कटते, याचा विचार कोणी केला नाही. इकडे अकोट शहरातील नव्या वसाहतींत बंद दाराआड तान्हे मूल सांभाळणारी सुशिक्षित सूनबाईही तितकीच एकाकी आहे. दोघींची गरज एकच. आठवड्यातून दोन घटका बसायला हक्काची जागा, मुलाला सवंगडी आणि चार अनुभवाचे शब्द.

ही गरज चर्चने फार पूर्वी ओळखली. ब्रिटनमध्ये चर्चच्या सभागृहात भरणारे माता-शिशु मेळावे ही आज सर्वसामान्य गोष्ट आहे. खेळणी, गाणी, चहा आणि गप्पा. प्रवेश सर्वांना खुला. तेथील शासनाने १९९८मध्ये ‘शुअर स्टार्ट’ ही बालकल्याण योजना सुरू केली. २०१०नंतर निधी आटला आणि अनेक केंद्रे बंद पडली. चर्चची दारे मात्र उघडी राहिली. नोकरीनिमित्त तेथे गेलेली मराठी तरुणी परक्या गावात, ओळख ना पाळख अशा अवस्थेत, बाबागाडी ढकलत त्या दारात जाते. त्यात तिचा दोष काय? जवळपास दुसरे दार उघडे नसेल, तर ती जाणार कोठे?

चर्चचे हे तंत्र वऱ्हाडला नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ने अकोल्यासह वऱ्हाडात ठाणी उभारली. शाळा, दवाखाना, अनाथालय ही त्या कार्याची साधने होती. साध्य धर्मप्रसार होते आणि मिशनने ते लपवलेही नाही. वऱ्हाड मध्य प्रदेश राज्यात होता, त्या काळात १९५४ साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. वैद्यकीय व तत्सम सेवांचा धर्मांतराचे साधन म्हणून उपयोग करण्यास कायद्याने बंदी असावी, अशी शिफारस तिने १९५६च्या अहवालात केली. धर्मप्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. तरीही हा प्रश्न कोणी विचारला, की पुरोगामी मंडळी ‘सेवेला विरोध’ अशी आवई उठवतात. सेवेला विरोध कोणाचाच नाही. प्रश्न एवढाच आहे, की सेवा निरपेक्ष आहे काय? असेल, तर तिचे स्वागत. भुकेल्या लेकराच्या आईची कृतज्ञता ही श्रद्धाबदलाची किंमत मानली जाणार असेल, तर तो व्यवहार झाला, त्याला सेवा म्हणता येत नाही.

पण दुसऱ्याच्या हेतूवर बोट ठेवून हिंदू समाजाची जबाबदारी संपत नाही. ज्या कल्पनेचे आज जगभर कौतुक होते, ती या मातीतलीच आहे. विवाहानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले. वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ची कल्पना तेथून आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातील पहिल्या प्रकल्पांत मेळघाटातील धारणी होते. तरीही १९९३मध्ये याच मेळघाटातील बालमृत्यूंनी देश हादरला. अंगणवाडी शासनाच्या हाती सोपवून समाज निश्चिंत झाला, हे त्यामागील कटू सत्य आहे. नोंदवह्यांच्या ओझ्याखाली दबलेल्या एकट्या सेविकेने समाजाची उणीव कशी भरून काढावी?

उत्तरे देणारी माणसेही येथलीच आहेत. वनवासी कल्याण आश्रमाची १९५२मध्ये जशपूरला स्थापना करणारे बाळासाहेब देशपांडे अमरावतीत जन्मले. बैरागडला डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य वाहिले. लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी बांबूतून रोजगार उभा केला. परंतु मोजक्या व्रतस्थांच्या तपश्चर्येवर संपूर्ण समाजाने पुण्य मिरवावे, हे शोभत नाही.

काम अवघड नाही. नरसिंग महाराजांच्या या अकोटात मंदिरांचे सभामंडप दुपारी रिकामे असतात. आठवड्यातून एक दुपार तेथे माता-शिशु मेळावा भरावा. निवृत्त परिचारिकेने मुलांचे वजन घ्यावे, आजीबाईंनी ओव्या आणि बडबडगीते शिकवावीत, गृहिणींनी घरून उसळ-लाडू आणावेत. पुनर्वसित गावांत महिन्यातून दोनदा हेच कार्यकर्त्या भगिनींनी न्यावे. १९३६मध्ये वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती स्थापन करणाऱ्या मावशी केळकरांच्या विदर्भात भगिनींची वाण पडू नये. जात विचारू नये, पंथ विचारू नये. ख्रिस्ती माता आली, तर तिच्याही लेकरास आधी घास द्यावा. निरपेक्ष सेवा कशी असते, हे सांगण्यापेक्षा दाखवणे परिणामकारक ठरते.

धर्मांतराविरुद्ध निवेदने देणे सोपे आहे, कारण त्यासाठी एक सकाळ पुरते. मूल पाच वर्षांचे होईपर्यंत त्याच्या आईपाशी बसण्यासाठी पाच वर्षे द्यावी लागतात. ती देण्याची समाजाची तयारी नसेल, तर दुसऱ्या कोणी ती दिल्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकारही त्याला उरत नाही.