शिंपला वेगळा, खडा वेगळा



पेण आणि रोहा तालुक्यांतल्या बैठकांना आम्ही गेलो ते भाताच्या हिशेबासाठी. बोलणे निघाले कोंबड्यांवर. रोह्याकडच्या एका गावात एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही शेतकी शिकलात ना? मग सांगा, पिलं का मेली?" बचत गटाला एका योजनेतून पिले मिळाली होती. निम्म्याहून जास्त गेली. कोंबडीला खडे लागतात असे वाटप करणाऱ्याने सांगितले होते. खाडीकाठच्या गावात फुकट काय मिळते, तर तिसऱ्यांच्या शिंपल्या. बाईंनी त्या कुटल्या आणि पहिल्या आठवड्यापासून खाद्यात मिसळल्या. मेलेले पिलू फाडून पाहिले तर मूत्रपिंडे सुजलेली, वर चुन्यासारखा पांढरा थर. असे व्हायला पाणी कमी पडणे, काही रोग अशी दुसरीही कारणे असतात. पण आमचा पहिला संशय शिंपल्यांवरच आहे.

कोंबडीला दात नाहीत. तिचे जाते पोटात असते. कलेजीबरोबर आपण जो पेटा खातो तेच ते. आम्ही कॉलेजात त्याला 'पेषणी' म्हणत पाठ केले आणि परीक्षा झाल्यावर विसरलो. त्या जाड स्नायूच्या पिशवीत कठीण खडे असले की दाणा भरडला जातो. हे खडे पोटात विरघळता कामा नयेत. शिंपला विरघळतो. तो चुना आहे, अंड्याच्या टरफलासाठी. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागते, पिलाला एक टक्का पुरे. जास्तीचे बाहेर टाकता टाकता त्याची मूत्रपिंडे बसतात. म्हणून शिंपला द्यायचा तो अंड्यावर आल्यावर, साधारण अठरा-वीस आठवड्यांनी.

मग खडे कधी? पिले नुसत्या गोणीतल्या दळलेल्या खाद्यावर असतील तर नकोतच. दळण आधीच झालेले आहे. कराराच्या शेडमधल्या ब्रॉयलरला कोणी खडे घालत नाही ते यामुळे. आईबरोबर उकिरड्यावर फिरणारी पिले आपले खडे आपण शोधतात. प्रश्न येतो बल्बखाली, कागदावर वाढवलेल्या पिलांना घरचा भरडा, हिरवा पाला घालायला लागलो की. पहिला आठवडा खाद्य ओळखू द्या, नाहीतर पिले खडेच खात सुटतात. मग भरडा सुरू करण्याच्या दोन दिवस आधी जाड वाळू, ज्वारीच्या दाण्याहून बारीक, शंभर पिलांना ओंजळभर, आठवड्यातून एकदा-दोनदा. खाद्यात मिसळू नका, वेगळ्या ताटलीत ठेवा. पिलू मोठे होईल तसा खडा मोठा. वाळू नदीची, गोड्या पाण्याची, धुतलेली घ्या. खाडीची नको, पिलाला मीठ सोसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही कोकणातली गोष्ट आम्हा कापूस-ज्वारीवाल्यांना कशाला? ज्वारी तुमच्याच घरात आहे म्हणून. 2025-26 साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,699 रुपये जाहीर झाला. तो तुमच्यापैकी किती जणांच्या हातात पडला, ते तुम्हीच बैठकीत सांगा. दुसरीकडे कोंबडीच्या खर्चात शंभरातले साठ-सत्तर रुपये खाद्याचे. आपली पांढरी ज्वारी खाद्यात मक्याची जागा बऱ्यापैकी घेते. तिसऱ्या आठवड्यापासून थोडा भरडा द्या, दीड-दोन महिन्यांनी अख्खा दाणा. मात्र नुसत्या ज्वारीवर पिलू वाढत नाही, प्रथिनांसाठी पेंड लागतेच. ती सरकीची नको, तिच्यातले गॉसिपॉल कोंबडीला बाधते. आणि पावसात काळी पडलेली ज्वारी पिलांना घालू नका. व्यापारी कोंबडी-खाद्यासाठी म्हणून ती मातीमोलाने उचलतो, पण बुरशीचे विष सगळ्यात आधी पिलालाच लागते.

आपल्या काळ्या रानातही एक फसवणूक आहे. नांगरताना पांढुरके, गाठीसारखे खडे वर येतात ते चुनखडीचे. दिसायला खडा, गुणाने शिंपला. लिंबू पिळून पाहा, फेस आला तर बाजूला टाका. त्यापेक्षा खडी-क्रशरवरची काळ्या दगडाची कच चाळून, धुऊन घ्या.

पिले वाटून झाली की योजनेचा कागद पूर्ण होतो. कशाला काय द्यायचे आणि का, हे सांगायला माणूस नसतो. त्या बाईंनी सांगितले ते इमानाने केले आणि नुकसान त्यांच्याच अंगावर आले. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या शिवारातले खडे पुडीत बांधून आणा. लिंबे आम्ही आणतो.