आटे, बुश आणि जुगाड

‘जुगाड’ हा शब्द अलीकडच्या मराठी ललितलेखनात फार लाडका झाला आहे. कुणी तारेने सायलेन्सर बांधला की तो जुगाड, आणि कुणी लेथवर तासभर उभे राहून बुश कातला की तोही जुगाडच. लेखकाला दोन्हींत सारखेच कौतुक वाटते. आमची तक्रार या सारखेपणाविषयी आहे. ती मांडण्यासाठी आम्ही खानदेशातल्या गॅरेजांतले एक किरकोळ वाटणारे काम निवडले आहे: मोटारसायकलच्या हेडमधले प्लगचे गेलेले आटे पुन्हा उभे करणे.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांस छेदतात, आणि त्यांतला दुसरा पुढे जळगावास जातो. या पट्ट्यात मोटारसायकल ही चैन नव्हे. केळीच्या बागेपासून बाजार समितीपर्यंत माणूस तिच्यावरच फिरतो. गाडी रस्त्यात बंद पडली की इंजिन तापलेले असतानाच प्लग काढला जातो, पॉलिश पेपरने घासला जातो आणि घाईत परत लावला जातो. प्लगचे आटे पोलादाचे, हेड ॲल्युमिनियमचे. प्लग हाताने दोन-तीन वेढे सहज फिरला पाहिजे. तो तिरका बसला असताना पान्याचा जोर लावला, की नरम धातू हार खातो. स्प्लेंडरसारख्या गाडीच्या प्लगचा व्यास १० मिमी आणि आट्यांमधले अंतर अवघे १ मिमी. चूक सामावून घ्यायला तिथे जागाच नाही.

आता जुगाड पाहू. प्लगला टेफ्लॉनची टेप गुंडाळायची, सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावायची किंवा एम-सील भरून बसवून टाकायचा. गाडी चालू होते, मालक खूश होतो. पण प्लगच्या उष्णतेचा मोठा वाटा आटे आणि बैठक यांतूनच हेडमध्ये उतरत असतो. ती वाट अडली की प्लगचे टोक तापून लाल होते, ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. नाहीतर एखाद्या चढावर प्लगच बाहेर फेकला जातो, तोही स्वाराच्या गुडघ्याजवळून. कौतुकाने लिहिणारा लेखक तोवर पुढच्या गावी पोचलेला असतो.

कारागीर आधी काही करतच नाही, बघतो. आटे तोंडाशीच दुखावलेत की आतपर्यंत गेलेत? हेड उतरवावे लागेल का? तोंडाशीच असतील तर टॅपच्या खाचांत ग्रीस भरून हलक्या हाताने टॅप मारला तरी भागते. ग्रीस अशासाठी की ॲल्युमिनियमचा कीस त्यात चिकटावा आणि सिलिंडरमध्ये पडून आतली भिंत ओरखडू नये. आटे पूर्ण गेले असतील तर हेड उतरवून भोक मोठे करायचे, नवे आटे पाडायचे आणि त्यात एकतर स्टेनलेस तारेचे वेटोळे बसवायचे, नाहीतर टर्नरकडून बुश कातून घ्यायचा. बुशला बाहेरून आटे, आतून आटे, आणि दोन्ही एकाच अक्षावर. बुश लांब झाला तर त्याची कड ज्वलनकक्षात डोकावते आणि निखाऱ्यासारखी तापते. तिरका झाला तर प्लगची बैठक हवा धरत नाही. आणखी एक मोह असतो: १० मिमीच्या भोकात थेट १४ मिमीचे आटे पाडून मोठा प्लग बसवायचा. शेजारीच व्हॉल्व्हची बैठक असते. मधली भिंत पातळ झाली की हेडला तडा जायला वेळ लागत नाही. प्रत्येक दुरुस्ती थोडा धातू खर्च करते आणि तो परत येत नाही. म्हणून किती कापायचे नाही, हे ठरवण्यातच इथली विद्या आहे. तिला जुगाड म्हणणे हे आमच्या मते अज्ञान आहे, आणि कौतुकाच्या सुरात म्हटले गेल्यामुळे ते अधिकच बोचते.

(जाता जाता: लाकूड कातणाऱ्यास मराठीत ‘कातारी’ हा जुना शब्द आहे, पण लेथवरचा माणूस ‘टर्नर’च राहिला. ‘आटे’ मात्र टिकले.)

आमचे विद्यार्थी रॉबर्ट पर्सिगचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ (१९७४) वाचतात. त्यात एक अडकलेला स्क्रू क्षणभर सबंध मोटारसायकलच्या किमतीचा होऊन बसतो. ते वाचून भारावलेल्यांनी त्याच तोलाचा प्रश्न चाळीसगाव रोडवरच्या गॅरेजात रोज सुटताना पाहिलेला नसतो. हा दोष पर्सिगचा नाही.

खानदेशाला तरी ही सबब शोभत नाही. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली छापली गेली, तेव्हा पेरणीपासून उपणणीपर्यंतचे प्रत्येक काम आपापल्या नावासह मराठी कवितेत आले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांच्या धातुकोशातला धातू क्रियापदाचा, गॅरेजातला ॲल्युमिनियमचा. पण गॅरेजातही क्रियापदे आहेतच. आटे धरतात, बसतात, घसरतात, जातात. एम.ए.च्या प्रबंधिकेला हा विषय लहान नाही.

प्लग लावताना जाणता कारागीर तो आधी उलटा फिरवतो. आटा आट्यात उतरल्याची बारीकशी ‘टक्’ बोटांना लागली की मगच सुलटा. त्या ‘टक्’ला गॅरेजात काय म्हणतात, एवढे तरी आमच्या विद्यार्थ्यांनी विचारून यावे.