ठोकलेल्या गाडीची किंमत

२०२४ मध्ये गाडी विकायला काढली, तेव्हा जुन्या गाड्यांचा एक व्यापारी घरी येऊन गेला. त्याने इंजिन सुरूसुद्धा केले नाही. बॉनेट उचलून उजव्या मडगार्डचे बोल्ट पाहिले, दाराच्या कडेचे रबर नखाने किंचित सोडवले आणि म्हणाला, "काका, गाडी ठोकलेली आहे."

होती. २०२२ च्या दिवाळीनंतर पुण्यात सिंहगड रस्त्यावर एक टेम्पो उजव्या बाजूने तिच्यात घुसला होता. चूक त्याची, हे पोलिसांच्या पंचनाम्यातही होते. पुढे वर्कशॉपमधून गाडी अशी आली की मलाही डाग सापडेना. व्यापाऱ्याला सापडला, आणि त्याने भाव साठ हजारांनी उतरवला.

त्याच्यावर रागावायचा अधिकार मला नव्हता. वाहनकर्जाच्या टेबलावर मी काही वर्षे काढली आहेत. जुन्या गाडीच्या मूल्यांकनात 'अपघातानंतर दुरुस्त' असे शब्द दिसले की मी निमूटपणे किंमत खाली आणत असे. समोर बसलेल्या माणसाचे साठ हजार कुठे गेले, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. तो आपल्या खिशापाशी आल्यावरच पडतो.

विम्याचे म्हणाल, तर तो होता. सर्वेक्षक आला, त्याने प्लॅस्टिकच्या बंपरवर पन्नास टक्के आणि पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापला. तीन वर्षे दावा न केल्याने मिळणारी पस्तीस टक्के सूटही गेली. पण बाजारात उतरलेल्या किमतीचे काय, असे विचारले तेव्हा त्याने पॉलिसीतले कलम दाखवले: परिणामी होणारे नुकसान वगळले आहे. वाकलेला पत्रा विमा कंपनीचा, पडलेला भाव माझा!

मग टेम्पोवाल्याकडून? मोटार वाहन कायद्याचे १६५ वे कलम उघडून पाहावे. अपघात दावा न्यायाधिकरण केवळ मृत्यू आणि दुखापतीसाठी नाही. तिथे त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा करता येतो. नुकसान दोन हजारांहून अधिक असेल तर दिवाणी न्यायालयाची वाटही मोकळी आहे. समोरच्या वाहनाच्या विम्यात अशा नुकसानीसाठी सहसा साडेसात लाखांपर्यंत तरतूद असते. हप्ता वाचवायला मालकाने ती सहा हजारांवर आणलेली असली, तर उरलेले त्याच्याच खिशातून यायला हवेत. विमा कंपनीने दिलेले पैसे पुन्हा मागता येत नाहीत, पण तिने न दिलेले मागता येतात. मिळतीलच असे मात्र नाही. अपघाताआधीची आणि दुरुस्तीनंतरची किंमत सांगणारा मूल्यांककाचा अहवाल, फोटो, पंचनामा, वर्कशॉपचे बिल एवढे गाठीला हवे. माझ्याकडे बिल होते, अहवाल नव्हता. शिवाय एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने न्यायाधिकरणासाठी सहा महिन्यांची मुदत घातली होती. घाटा कळतो तो विकताना, दोन वर्षांनी! दिवाणी दावा करता आला असता. साठ हजारांसाठी वकिलाची फी आणि तारखा यांचा हिशेब मी केला आणि बँकेतल्या सवयीने वही मिटली.

जर्मनीत दोषी पक्षाकडून हा बाजारातला घाटा वसूल करणे न्यायालयांना फार काळापासून मान्य आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २००१ मध्ये असा निर्णय दिला की गाडीच्या मालकाने स्वतःच्या पॉलिसीवर दावा केला, तरी विमा कंपनीने त्याचा विचार करायलाच हवा. आपल्याकडे पॉलिसीच्या एका ओळीत तो विषय संपतो.

संपतो म्हणजे दुसऱ्याच्या दारात जातो. व्यापाऱ्याने जाताना सल्ला दिला होता: "स्वतःच विका. कुणी विचारलं नाही तर बोलू नका." सल्ला वाईट माणसाचा नव्हता, धंद्यातला होता. ज्याचे साठ हजार कुणीच भरून देत नाही, त्याला ते पुढच्याच्या गळ्यात घालायचा मोह होतो, आणि मलाही झाला. दोन रात्री झाला, हे कबूल करतो.

शेवटी साताऱ्याकडचा एक तरुण शिक्षक आला. गाडी त्याला आवडली. मी वर्कशॉपचे बिल काढून त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते वरपासून खालपर्यंत दोनदा वाचले आणि व्यापाऱ्याच्या भावापेक्षाही पाच हजार कमी करा म्हणाला.

केले.